पडू दिला

सकाळची वेळ. गुरांच्या डोणीतल्या पाण्यावर रात्रीतून बर्फाचा पातळ पापुद्रा धरलाय. दुधावरची साय काढावी तसा एक माणूस तो अलगद उचलतो, काचेसारखा डोळ्यांसमोर धरतो आणि हिवानं पांढऱ्या पडलेल्या गवताकडे त्यातून बघतो. बोटांच्या उबेनं बर्फ वितळायला लागतो, खाली जातो, फुटतो. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘आफ्टर ॲपल-पिकिंग’ या ४२ ओळींच्या कवितेतला हा एवढासा प्रसंग. कविता आहे सफरचंदांच्या सुगीची आणि ती सुगी करून दमलेल्या माणसाच्या झोपेची. बर्फाचा तुकडा त्यात तसा आडवाटेला पडलेला. पण ही ओळ मराठीत सांगायला घेतली की एका क्रियापदावर अडायला होतं. तो तुकडा पडला म्हणायचं? निसटला? सुटला? पाडला? पोराच्या हातून पेला फुटतो तेव्हा पोर म्हणतं “पडला”, आई म्हणते “पाडलास”, आणि या दोन शब्दांमध्ये घरातला अख्खा खटला उभा राहतो. फ्रॉस्टनं यातलं एकही वापरलेलं नाही. त्याच्या ओळीचा सरळ अर्थ आहे: मी तो पडू दिला. हात सुटला नाही, हातानं फेकलंही नाही. पडणार हे दिसत होतं आणि बोटं मिटली नाहीत.

हे क्रियापद डोक्यात राहतं याचं कारण पुढे सापडतं. बरोबर अठरा ओळींनंतर तेच शब्द परत येतात, पण नकार घेऊन. तिथे सफरचंदांबद्दल बोलणं चाललंय. किती फळं होती, त्यातल्या प्रत्येकाला हात लावायचा, हातात जपायचं, खाली उतरवायचं आणि पडू द्यायचं नाही.

हंगामभर एकही फळ पडू न देणारा हात, आणि त्याच हातानं पडू दिलेला बर्फ.

ही कविता वाचणाऱ्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत, आणि त्या चुकीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. झोप हा शब्द कवितेत सहा वेळा येतो, थंडी तोंडावर आहे, शिडी आकाशाकडे रोखलेली आहे. तेव्हा पुष्कळ जण ही मरणाची कविता म्हणून वाचतात. सफरचंद, स्वर्ग आणि पतन एवढं सगळं एका पानावर सापडल्यावर बायबलमधली बाग आठवणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. तिसरी वाट कवींची आणि कवींवर लिहिणाऱ्यांची: फळं म्हणजे कविता, सुगी म्हणजे लेखन, थकवा म्हणजे लिहून लिहून आलेलं रितेपण. फ्रॉस्टनं स्वर्ग हा शब्द दुसऱ्याच ओळीत टाकलाय, त्यामुळे या वाटा त्यानंच उघड्या ठेवल्यात हे उघड आहे. माझी तक्रार एवढीच, की शिडीचा पाय जमिनीत नीट रोवायच्या आधीच वाचणारे तिच्या टोकाला पोचतात. फ्रॉस्ट १९०० ते १९०९ न्यू हॅम्पशरमधल्या डेरी इथे आजोबांनी घेऊन दिलेल्या ३० एकरांच्या शेतीवर राहिला. कोंबड्या पाळल्या, सफरचंदाची झाडं सांभाळली. १९१२ साली बायकामुलांसह इंग्लंडला गेला, आणि ही कविता ज्या संग्रहात आहे तो १९१४ साली लंडनमध्ये छापला गेला. समुद्रापलीकडे आठवलेली बाग आहे ही. आठवणीत उरलंय ते मात्र फार नेमकं आहे: तळपायाला काय झालं, कानाला काय ऐकू येत राहिलं, फळाच्या सालीवर काय दिसलं. फळ उतरवायचं काम समजून घेतलं तर या ओळी वेगळ्याच वजनाच्या होतात.

शिडीपासूनच बघू. पहिल्याच ओळीत ती ‘लांब’ आणि ‘दोन टोकांची’ आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या बागांत फळं उतरवायला एक खास शिडी असायची, जिचे दोन्ही उभे दांडे वर जाऊन एका टोकात मिळतात. फांद्यांच्या गर्दीतून ती सहज आत शिरते आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात टोक अडकवलं की पक्की बसते. कवितेतली शिडी तशी नाही. ती घराच्या भिंतीला लावतात तशी, दोन दांड्यांची दोन टोकं मोकळी असलेली, झाडातून आरपार निघालेली. अशी शिडी बेचक्यात न बसता फांद्यांवर टेकते, आणि फांदी हलली की हलते. ‘फांद्या वाकतात तशी शिडी झुलताना मला जाणवते’ ही ओळ याच बनावटीतून आली असावी असं मला वाटतं. त्या काळची झाडंही आजच्यासारखी नव्हती. बीजू खुंटावर, म्हणजे बीपासून वाढवलेल्या रोपावर, कलम केलेलं सफरचंदाचं झाड वीस-पंचवीस फूट सहज जातं. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात ठेंगण्या खुंटांची वर्गवारी झाली, त्यातला एम-९ पुढे जगभर पसरला आणि झाडं आठ-दहा फुटांवर आली. ते केंद्र १९१३ साली सुरू झालं, फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये होता त्याच काळात. आज नव्या बागेत जमिनीवर उभं राहून किंवा छोट्या घडीच्या शिडीवरून फळं काढता येतात. कवितेतला माणूस त्या आधीचा. त्याला रोज दीड-दोन मजले हवेत उभं राहावं लागत होतं.

आणि उभं कशावर? शिडीची पायरी म्हणजे गोल दांडा. त्यावर टाच टेकत नाही, चवडाही पुरता टेकत नाही. दोन्ही हात कामाला मोकळे हवेत, म्हणून नडगी वरच्या दांड्याला टेकवायची आणि सगळा भार तळपायाच्या मधल्या कमानीवर घ्यायचा. बुटाचा तळवा कितीही जाड असला तरी दुपारपर्यंत तो दांडा आत कळायला लागतो. फ्रॉस्ट इथे एक बारीक फरक करतो आणि तो वाचताना निसटू देऊ नये. तो म्हणतो, तळपायाच्या कमानीत दुखणं राहिलंय एवढंच नव्हे, त्या दांड्याचा दाबही राहिलाय. दुखणं हे झालेल्या कामाचं असतं. दाब हा चालू कामाचा असतो. अंथरुणात पडलेल्या पायाखाली अजून पायरी आहे. बोटीतून उतरल्यावर जमीन हलते, दिवसभर जात्यावर बसलेल्या बाईचा हात रात्री फिरत राहतो, तसं. शरीराला काम संपल्याची बातमी पोचलेली नाही.

आता ते चार शब्द. हात लावणं, हातात जपणं, उतरवणं, पडू न देणं. वाचताना हे भावनेच्या भरात ओवलेले शब्द वाटतात. प्रत्यक्षात फळ काढायच्या पायऱ्या आहेत त्या, आणि त्याच क्रमानं. सफरचंद ओढून काढायचं नसतं. फळाखाली तळवा न्यायचा, बोटांची टोकं न रुतवता सगळ्या हातानं धरायचं, मग फळ वर उचलून किंचित पीळ द्यायचा. देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे पिकलेल्या फळात एक कमजोर थर तयार झालेला असतो. उचललं की तो तिथेच सुटतो. खाली खेचलं तर दोन गोष्टी बिघडतात. एक तर देठ फळातून उपटून येतो आणि खळगीत जखम होते, तिथून कूज शिरते. दुसरं म्हणजे फळ ज्या आखूड, सुरकुतलेल्या काडीवर लागतं ती काडीच मोडून हातात येते. पुढल्या वर्षीचं फूल तिच्यावर यायचं असतं. म्हणजे घाईनं ओढलेल्या एका फळाबरोबर पुढची कित्येक फळं जातात. अंगठा दाबला तर त्याचा ठसा दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन उमटतो. आणि टोपलीत फळ सोडायचं नसतं, ठेवायचं असतं. हात आत नेऊन, आधीच्या फळांना टेकल्यावरच बोटं काढायची. खालच्या फांद्या आधी, वरच्या नंतर, नाहीतर शिडी लावताना आणि वरून काही निसटलं तर खालची फळं झोडपली जातात. हे सगळं एका फळाला एक-दोन सेकंदांत. ताकद यात फारशी लागतच नाही. लक्ष लागतं, आणि ते एकदाही सैल सोडता येत नाही.

ढोरमेहनतीचा थकवा निराळा असतो. पोती उचलणारा माणूस आडवा पडला की घोरायला लागतो.

कवितेतला थकवा जपण्याचा आहे, आणि जपणं अंथरुणात शिरतं. किती फळं, तर ‘दहा हजार हजार’. म्हणजे एक कोटी. ही संख्या शब्दशः घेतली तर काय होतं ते मांडून बघण्यासारखं आहे. दोन सेकंदांना एक फळ, दिवसाचे दहा तास, मध्ये क्षणभर विसावा नाही, असं धरलं तरी दिवसाला १८ हजार फळं होतात आणि एक कोटीला साडेपाचशेहून जास्त दिवस लागतात. डेरीच्या शेतीवर एवढी झाडंच नव्हती. हा आकडा बायबलमधल्या देवदूतांच्या मोजदादीसारखा, मोजणं सोडून दिल्यावर तोंडातून येणारा. पण मोजणं का सोडलं, ते त्या दोन सेकंदांत आहे. पोत्यांचा हिशेब शंभरांत होतो. जिथे प्रत्येक नग वेगळा हातात येतो आणि प्रत्येक नगाला चुकायची वेगळी संधी असते, तिथे हाताला तो आकडा कोटीचाच वाटणार.

मग कवितेतला सगळ्यात कडक नियम. जे फळ जमिनीला लागलं ते सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या रसासाठीच्या, ढिगात. त्याला खोक पडली नसेल, कापलेल्या गवताचं खुंट टोचलं नसेल, तरीसुद्धा, किंमत शून्य. धर्माच्या वाटेनं वाचणाऱ्यांना इथे अन्याय दिसतो: निर्दोष असूनही पडलं म्हणून टाकलं. बागाईतदाराला यात अन्याय दिसणार नाही. सफरचंदाचा मार त्याच क्षणी दिसत नाही. सालीखालच्या पेशी फुटतात, आतला रस हवेतल्या प्राणवायूला भेटतो आणि काही तासांनी तिथे तपकिरी डाग उतरतो. साल शाबूत असेल तर फळ बाहेरून चांगलंच दिसत राहतं. अशी फळं चार-पाच महिने तळघरात राहायची असतात. मार लागलेलं फळ लवकर पिकतं, पिकताना इथिलीन वायू सोडतं, त्यानं शेजारची पिकायला लागतात. मग एकाला बुरशी लागते आणि मार्चमध्ये फळी उघडाल तेव्हा कप्प्याचा कोपराच बसलेला असतो. पडलेल्या प्रत्येक फळाची तपासणी करत बसणं परवडत नाही, आणि तपासूनही कळत नाही. म्हणून एकच रेघ: जमिनीला लागलं की गेलं. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. हापूस देठासकट झेल्यात उतरवायचा, देठ मोडून चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, आणि पडीचा आंबा वरून सोन्यासारखा दिसला तरी पेटीत भरायचा नाही. त्याची वाट कॅनिंगकडे किंवा साठाकडे. पडीच्या आंब्याला साका असेल, म्हणजे आतला गर बिघडलेला असेल, की नसेल, मार आतवर गेला असेल की नसेल, हे कापल्याशिवाय कोण सांगणार?

नियम शहाणपणाचा आहे म्हणून त्याचं ओझं हलकं होत नाही, उलट वाढतं. दुष्ट नियमाविरुद्ध मनात भांडता येतं. बरोबर असलेल्या नियमापुढे माणूस प्रत्येक फळाबरोबर एकटा उभा असतो.

त्या अर्धवट राहिलेल्या पिंपाबद्दलही असंच आहे. सुरुवातीच्या ओळींत शिडीशेजारी एक पिंप आहे, ‘जे मी भरलं नाही’. आपण ते अपुऱ्या आयुष्याचं चिन्ह म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण सफरचंदाचं पिंप हा मापाचा जिन्नस होता. १९१२ साली अमेरिकेत कायद्यानं त्याचं माप ठरलं: फळी साडेअठ्ठावीस इंच लांब, आतली जागा ७,०५६ घन इंच, म्हणजे सुमारे ११५ लिटर. साठेक किलो फळ त्यात बसतं. मध्यम आकाराची धरली तर चारशेच्या आसपास सफरचंदं. भरायची रीत अशी, की पिंप उलटं ठेवायचं आणि जी पुढे वरची बाजू होणार तिथे पहिले दोन थर देठ खाली करून हातानं मांडायचे. मग एकेक टोपली आत उतरवायची आणि दर टोपलीनंतर पिंप जरा हलवून फळं बसवायची. शेवटी काठाच्या थोडं वर भरून झाकण दाबयंत्रानं आत बसवायचं. वरच्या थराला थोडा दाब बसतो, तो मान्य असतो, कारण आत जागा राहिली तर गाडीत आणि रेल्वेत फळं एकमेकांवर आपटून सगळीच खराब होतात. म्हणजे पाऊण भरलेलं पिंप हे पाऊण किमतीचं पिंप नसतं. त्याला झाकण बसत नाही, ते बाजारात जात नाही. आणखी शे-सव्वाशे फळं झाली असती तर ते सुटलं असतं. हे माहीत असलेला माणूस म्हणतोय, आता माझं झालं. ‘झाडावर दोन-तीन राहिलीही असतील’ असं म्हणणाऱ्या या माणसाला प्रत्येक फांदी पाठ आहे. तो राहिलेली फळं विसरलेला नाही. त्याला ती दिसतायत आणि तो शिडीवर चढत नाही.

इथे त्या ओळीपाशी येतो जिच्यासाठी मी ही कविता पुन्हा पुन्हा उघडतो. तो म्हणतो, मी अती दमलोय, त्या मोठ्या सुगीनं जी मीच मागितली होती. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच ठेवलेली नाही. सावकार नाही, मालक नाही, दुष्काळ नाही. सुगी आली, भरभरून आली, आणि नकोशी झाली. आपल्याकडे ही गोष्ट बोलून दाखवायची सोय नाही. पीक बुडालं तर रडता येतं. खळं भरलं असताना ‘पुरे झालं’ म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं गप्प करतील, लक्ष्मीला असं बोलू नये म्हणतील. म्हणून ही ओळ मराठीत आणली की ती जास्तच उघडी पडते. न्यू इंग्लंडमध्ये तेव्हा सगळ्यात जास्त लावली जाणारी जात होती बॉल्डविन. कवितेत जातीचं नाव नाही, पण बॉल्डविनचा स्वभाव इथे आठवतोच. ती एक वर्ष लगडते आणि पुढल्या वर्षी जवळजवळ रिकामी जाते. कारण पुढच्या वर्षीचे फुलाचे डोळे यंदाच्या उन्हाळ्यातच तयार होत असतात, आणि त्याच वेळी फांदीवर फळांचा भार असेल तर झाड ते डोळे धरत नाही. लगडलेलं वर्ष पुढे ढकलता येत नाही, थोडं आत्ता थोडं नंतर असं करता येत नाही. झाड त्यानंतर वर्षभर विसावा घेतं आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

रात्री डोळ्यांपुढे जे येतं त्याचं वर्णन फ्रॉस्टनं इतकं बिनचूक केलंय की शास्त्रज्ञांना ते पुढे वेगळ्या मार्गानं शोधावं लागलं. मोठी मोठी झालेली सफरचंदं दिसतात आणि विरतात. कधी देठाकडची बाजू, कधी फुलाकडची, आणि सालीवरचा खरबरीत तपकिरी ठिपका अन् ठिपका स्पष्ट. तळघराच्या कप्प्यात ओझ्यामागून ओझं रितं होतंय त्याचा गडगडाट थांबत नाही. ही स्वप्नं नव्हेत. स्वप्नाला कथा असते. झोपेच्या उंबरठ्यावर, डोळा लागता लागता दिसणारी ही चित्रं आहेत, सुटी सुटी, गोष्ट नसलेली. हार्वर्डमधल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. २७ जणांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. १७ जणांनी सांगितलं, वरून पडणारे ठोकळे दिसतात. त्यात स्मृती गेलेले रुग्णही होते, ज्यांना आपण हा खेळ खेळलो हेच आठवत नव्हतं. स्टिकगोल्ड यांना ही कल्पना सुचली ती फ्रॉस्टच्याच मुलुखात, व्हरमाँटमधला एक डोंगर चढून आल्यावर, रात्री अंथरुणात हाताखाली खडक जाणवायला लागले तेव्हा. दिवसभरातलं सगळंच काही झोपेच्या दारात परत येत नाही. ज्याच्यावर लक्ष खिळवून ठेवावं लागलं ते येतं. कवितेतला माणूस हे आधीच सांगून जातो: माझ्या स्वप्नाचं रूप काय असणार, ते मला माहीत होतं.

यातला गडगडाट मात्र खटकायला हवा. प्रत्येक फळ इतकं जपून उतरवलं, तर तळघरात ते गडगडत का जातं? घसरत्या फळीवरून घरंगळलेलं सफरचंद थोड्या उतारावर, आधीच्या फळांना हलकं टेकत जातं. उंचावरून पडण्याचा मार त्याला बसत नाही. शिवाय पिंप बाजारासाठी आणि तळघरातला कप्पा घरच्यासाठी, तिथे हाताळणी जरा सैल असायची. तरी मला वाटतं, या आवाजात त्या माणसाची एक धास्ती आहे. हातात असताना फळ एकेक होतं, मुकं होतं. आता ती सगळी मिळून आवाज करतायत आणि त्यांच्यावर त्याचा हात नाही.

वासाचंही एक आहे. सुरुवातीलाच तो म्हणतो, रात्रीवर सफरचंदांचा वास आहे आणि मला गुंगी येतेय. हा वास कुठून येत असेल? थंड तळघरात ठेवलेलं निवडक, घट्ट फळ फारसं दरवळत नाही. वास दाबून ठेवणं हेच तर थंडीचं काम. दरवळतो तो सायडरचा ढीग. फुटलेली, मार लागलेली, लवकर पिकणारी फळं. शिवाय सायडरची सफरचंदं दळायच्या आधी आठ-पंधरा दिवस मुद्दाम रास करून ठेवतात, म्हणजे ती मऊ पडतात आणि आतल्या पिठाची साखर होते. त्या दिवसांत रास घमघमत असते. आंब्याच्या दिवसांत घरात शिरल्याबरोबर अढी कुठल्या खोलीत आहे ते नाकानं सांगता येतं, तसं. कवितेत हे कुठे लिहिलेलं नाही, पण मला त्या रात्रीचा वास ढिगाकडूनच येताना जाणवतो. त्यानं कवडीमोल ठरवलेली फळंच त्याला निजवतायत. आणि कवितेची यमकं बघितली तर हा अंदाज अगदीच हवेतला वाटत नाही. ओळींची लांबी या कवितेत सारखी बदलते. पहिली ओळ बारा अक्षरांची, शिडीसारखी लांबलचक, आणि ‘पडू न देणं’च्या लगेच खाली एक ओळ अवघ्या दोन अक्षरांची, पाय घसरावा तशी. यमकंही कधी लगेच जुळतात, कधी फार वेळ लोंबकळत राहतात. इंग्रजीत ढिगाच्या शब्दाचं यमक झोपेच्या शब्दाशी जुळतं. ढीग येतो पस्तिसाव्या ओळीच्या शेवटी, आणि त्याचं यमक सात ओळी वाट बघतं. शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द झोप. पडलेल्या फळांच्या ढिगाला कवितेनं दिलेली जोड ही, आणि मराठीत ती आणता येत नाही. ‘ढीग’ आणि ‘झोप’ एकमेकांना ओळखही देत नाहीत. मी ‘रास’ घेऊन पाहिली, ‘नीज’ घेऊन पाहिली. कान फसत नाही.

शेवटी येतो वुडचक. खारीच्या कुळातला, मांजराएवढा, जाडजूड, बिळात राहणारा प्राणी. त्याला मराठी नाव नाही, कारण आपल्याकडे तो नाही. हिवाळा आला की तो बिळात जाऊन शीतनिद्रेत शिरतो. शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपासून दहाच्या खाली उतरतं, मिनिटाला ८० च्या घरातले हृदयाचे ठोके दहाच्या आत येतात. कवितेतला माणूस म्हणतो, तो इथे असता तर सांगू शकला असता, माझी ही येणारी झोप त्याच्या दीर्घ झोपेसारखी आहे की नुसती माणसाची झोप. पण तो गेलेला आहे. ज्याला विचारायचं तोच आधी झोपलाय. इथे मरणाचा अर्थ लावणारे म्हणतात, वुडचकची झोप वसंतात संपते, माणसाची कदाचित संपणार नाही. असेल. पण त्या प्राण्याच्या झोपेबद्दल नंतर कळलेली एक गोष्ट मला जास्त हलवते. शीतनिद्रा अखंड नसते. दर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, हे प्राणी अंगातली चरबी जाळून शरीर तापवतात, काही तास ऊबदार होतात आणि परत गारठतात. एवढा खर्च कशासाठी? त्याच कुळातल्या, जमिनीत राहणाऱ्या खारींचा मेंदू तपासला तेव्हा १९९१ साली एक विलक्षण अंदाज पुढे आला: ती ऊब झोपण्यासाठी असावी. गारठलेल्या मेंदूला झोप मिळतच नाही, झोपेचं देणं साचत जातं, आणि ते फेडायला प्राणी जागा होऊन, तापून, खरा झोपतो. फ्रॉस्टला हे माहीत असणं शक्य नव्हतं. पण आता ती शेवटची ओळ वाचताना ‘नुसती’ हा शब्द मला उणा वाटत नाही. त्या सगळ्या थंडीत, बिळातल्या प्राण्यालाही अधूनमधून हवी असते ती हीच, ऊबदार अंगाची साधी झोप.

आणि बर्फ. त्याच्या वेळेचं कोडं आधीपासून वाचणाऱ्यांना छळत आलंय. तुकडा सकाळी उचलला, पण तो पडायच्या आधीच मी झोपेच्या वाटेला बराच पुढे गेलो होतो असं तो म्हणतो. सकाळी झोपेच्या वाटेला? काही जण म्हणतात, हे सगळं गुंगीत चाललंय, काळ विरघळलाय. काही जण बर्फातून दिसलेल्या वाकड्यातिकड्या जगाला कल्पनेचं भिंग म्हणतात. मला यात बागेचा एक साधा कायदा दिसतो. पाणी शून्य अंशाला गोठतं. साखर असल्यामुळे सफरचंद साधारण उणे दोनला. डोणीवर बर्फ धरला याचा अर्थ हंगाम संपल्याची नोटीस लागली. अजून एक-दोन अंश उतरले की झाडावरचं फळ गोठणार. आणि जिथे गोठल्याची शंका असेल तिथे सकाळी झाडाला हात लावायचाच नसतो. गोठलेल्या फळाला बोट लागलं तर तिथल्या पेशी तुटतात आणि वितळल्यावर बोटाचा ठसा काळा पडतो. ऊन वर येईपर्यंत, फळ झाडावरच हळूहळू सुटं होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच या माणसाला सकाळी हातांशी काही काम नव्हतं. फळाला शिवता येत नाही अशी ती घटकाभराची सुट्टी होती, आणि समोर डोण होती.

तेव्हा त्यानं बर्फ उचलला. फळासारखाच, अलगद, दोन हातांनी. समोर धरून बघितला. एवढे दिवस हातात येईल ते वजनानं, सालीनं, देठानं पारखायची सवय. हा तुकडा मात्र पारखायचा नव्हता, त्यातून पलीकडे बघायचं होतं. कडेनं तो बोटांत वितळायला लागला. सफरचंद असतं तर बोटं आपोआप मिटली असती.

पडलेल्या फळानं कुठे जायचं ते ठरलेलं असतं. पांढऱ्या गवतावर फुटलेल्या बर्फासाठी कुठलाही ढीग नव्हता. उन्हं झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरेपर्यंत त्याचं पाणी झालं असेल, आणि तोवर तो माणूस ओले हात तसेच ठेवून डोणीपाशी उभा असेल.